बारा सुया

आमच्या घरात सुया टोचून ठेवायची एक उशी आहे. मुठीएवढी, लाल मखमलीची, हातांनी मळून काळपट झालेली. तिच्या आत कापूस नाही, भुसाही नाही. आत माझ्या आईचे केस आहेत. विंचरताना गळालेले केस ती कधी फेकायची नाही. गुंडाळी करून डब्यात ठेवायची आणि पुरेसे साठले की उशीत भरायची. केसाला तेल असतं, म्हणून सुईला गंज चढत नाही, असं तिचं म्हणणं. लहानपणी मला त्या उशीची किळस यायची. मैत्रिणी घरी यायच्या असल्या की मी ती ट्रंकेमागं लपवायचे. आता आईच्या डोक्यावर चार पांढरे केस राहिलेत, आणि तिचे काळेभोर केस काय ते त्या उशीत आहेत.

आई मूळची फुलंब्रीजवळच्या एका खेड्यातली. मॅट्रिक झाली, शिवणाचा कोर्स केला आणि शहरातल्या मुलींच्या शाळेत निवृत्त होईपर्यंत शिवण शिकवलं. शाळेत शिवणाचा तास म्हणजे बिनमालकाचं शेत. गणिताच्या बाईंना धडा संपवायचा असला की त्या हक्कानं मागून घ्यायच्या, आणि आई देऊन टाकायची. तिनं ते कधी मनाला लावून घेतल्याचं मला दिसलं नाही. मी मात्र घेतलं. आई काय शिकवते असं कुणी विचारलं की मी नुसतं 'शिक्षिका आहे' म्हणून मोकळी व्हायचे. मी शिवण शिकले नाही, आणि हट्टानं शिकले नाही. बटण लावता येतं, उसवलेलं टाचता येतं, तेवढ्यावर माझं आयुष्य भागलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्याला माझा हा ताठाही कारण आहे.

वडील गेल्यावर आईनं गारखेड्यातल्या आमच्या रो-हाऊसच्या पुढच्या खोलीत मुलांसाठी शिवणवर्ग सुरू केला. फक्त मे महिन्यात, दुपारी चार ते सहा. फी नव्हती. फीऐवजी प्रत्येक मुलानं घरातून चिंध्यांची एक पिशवी आणायची. बापाच्या शर्टाची पाठ, आईच्या ब्लाउजची बाही, कुणाच्या आजोबांच्या धोतराचा मऊ तुकडा, सगळं आईच्या ट्रंकेत जायचं. कॉलनीतल्या निम्म्या घरांचे कपडे त्या ट्रंकेत एकमेकांना चिकटून पडलेले असायचे. खोलीत सतरंजी, कोपऱ्यात खडखडणारा कूलर. नळाला पाणी यायच्या दिवशी वर्गाला सुट्टी, कारण त्या दिवशी कुणाच्याच घरात मूल आणून सोडायला माणूस मोकळं नसे.

मुलं ती बाराच घ्यायची, कारण सुया बाराच होत्या. सुया विकत मिळतात, जास्त आण, असं मी म्हटलं तर म्हणाली की बारापेक्षा जास्त पोरांवर डोळा राहत नाही, आणि ज्या सुईवर डोळा नाही ती सुई घरात नको. त्या बाराही तिच्या शाळेतल्या होत्या, निवृत्तीच्या दिवशी बरोबर आणलेल्या. चिमटीत धरून धरून त्यांची पाठ गुळगुळीत झालेली.

पहिल्या आठवड्यात रुमाल. चारी बाजूंनी दुमड घालायची आणि ती बारीक टाक्यांनी बसवायची, म्हणजे हेम घालायची. दुसऱ्या आठवड्यात चौकोनी पिशवी, नाडी ओवलेली. मग जुन्या मोज्याची बाहुली: टाचेचं तोंड, बटणाचे डोळे, आत चिंध्या. जी मुलं हाताची चपळ त्यांना साखळी टाका, ज्यांची बोटं वळत नसत त्यांना नुसता धावदोरा, पण घरी जाताना प्रत्येकाच्या हातात काहीतरी पुरं झालेलं असायचं. दोरा हातभरच घ्यायचा. 'लांब दोरा आळशाचा,' असं ती म्हणायची, आणि खरंच, ज्यानं लांब घेतला त्याचा गुंता झालाच म्हणून समजा. शेवटच्या दिवशी खाऊ आणि खेळ. सुईत दोरा ओवायची शर्यत लागायची. एका डब्यात बटणं टाकून डोळे मिटून सारखी दोन शोधायची. हरणाऱ्याला आई स्वतः एक बटण द्यायची, म्हणजे तोही रिकाम्या हातानं जायला नको.

आणि रोज सहा वाजता मोजणी. मुलांनी सुया आणून उशीत टोचायच्या, आईनं बोटानं एकेकीला शिवून मोजायच्या, आणि बारा भरेपर्यंत सतरंजीवरून कुणी उठायचं नाही. बाहेर आया ताटकळत उभ्या असल्या तरी नाही. एकदा अकराच भरल्या. अर्धा तास शोधलं. दुसऱ्या दिवशी एक मुलगी रडत आली. सुई तिच्या फ्रॉकच्या घेरात टोचलेली राहिली होती, आणि घरी सापडल्यावर रात्रभर तिला झोप नव्हती. आईनं सुई घेतली, उशीत टोचली आणि म्हणाली, "सांगितलंस ना, बास." तेवढंच. त्या मुलीला दोन बटणं जास्त मिळाली. मला तेव्हा हे सगळं जरा जास्तच वाटलं होतं. एका सुईचं एवढं काय, असं.

माझं लग्न टिकलं नाही आणि मी चाळिशी ओलांडताना या घरात परत आले. एका कॉलेजच्या कार्यालयात नोकरी करते, विद्यार्थ्यांचे दाखले करून देते. संध्याकाळी घरी आले की ते सतरंजीवर सांडलेले चिंध्या-दोरे बघून माझं डोकं उठायचं. मी चिडकी आहे. माझा भाऊ पुण्यातून फोनवर मला हे नेहमी सांगतो, आणि फोनवरून शहाणपण सांगायला त्याला खर्च येत नाही.

आईचं विसरणं कधी सुरू झालं ते नक्की सांगता येणार नाही. भाजीत दोनदा मीठ. मग गॅसवर ठेवलेलं दूध. मग एक दिवस ती चौकातल्या भाजीवाल्याकडं गेली आणि परत येताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली, कोणत्या बाजूला वळायचं ते ठरवत. मी ऑफिसातून येत होते म्हणून दिसली. मला बघून ती इतकी हसली की मला ओरडताच आलं नाही.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि आजाराचं नाव सांगितलं. पुढं म्हणाले की नावं जातील, वार जातील, रस्ते जातील, पण हातानं शिकलेलं काम सगळ्यात शेवटी जातं. हात चालू ठेवा. वर्ग घेतात ना, घेऊ द्या. जोवर तो वर्ग आहे तोवर त्यांना उठायला कारण आहे. मी बाहेर येऊन रिक्षात बसले आणि ठरवलं की हे कुणाला सांगायचं नाही. कॉलनीला कळलं असतं तर मुलं पाठवली नसती. तो वर्ग म्हणजे आईची शेवटची खुंटी होती, आणि ती माझ्या हातात होती, हे मला पुरतं ठाऊक होतं. नंतर 'मला कल्पना नव्हती' असं म्हणायची सोय मी ठेवलेली नाही.

त्या वर्षीचा मे छान गेला. आई सकाळपासून विचारायची आज वार कोणता, पण चार वाजता सतरंजीवर बसली की तिचा आवाज बदलायचा. कुठल्या मुलाचा टाका काल कुठं चुकला होता ते तिला आठवायचं. त्या मुलाचं नाव आठवायचं नाही, टाका आठवायचा.

महिना अर्ध्यावर आला तेव्हा समोरच्या घरातल्या सूनबाई आल्या. त्यांची मुलगी आमच्याच वर्गातली, तिचा सातवा वाढदिवस होता. मॉलमधल्या त्या उड्या मारायच्या जागेत सगळ्यांचेच वाढदिवस होतात, मुलं कंटाळली आहेत, तर बाईंच्या वर्गातच केला तर, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक मुलानं स्वतः बटवा शिवायचा आणि आपलं रिटर्न गिफ्ट त्यातच घालून न्यायचं. आईला इतका आनंद झाला की तिनं आठवडाभर दुसरं काही केलं नाही. ट्रंक उपसून कापडं निवडली, बटव्यांचे तुकडे कापले, नाड्या वळल्या. जेवायचं विसरायची, पण एक तुकडा तिरका कापला गेला नाही.

वाढदिवसाच्या दिवशी अकरा मुलं आली. बारावा मुलगा मामाच्या गावाला बिडकीनला गेला होता. भिंतीला फुगे लावले होते, आया-बाप दाराशी मोबाइल घेऊन उभे होते, आणि वाढदिवसवालीचा दीड वर्षाचा भाऊ सगळ्यांच्या पायांतून फिरत होता. आईनं अकरा मुलांना अकरा सुया दिल्या. बारावी उशीत राहिली, तिची स्वतःची, कुणाची गाठ अडली तर सोडवायला. हे मी आज लिहू शकते. त्या दिवशी माझं तिकडं लक्षच नव्हतं.

मध्येच वाढदिवसवाली रडवेली होऊन स्वयंपाकघरात आली. तिच्या नव्या फ्रॉकची जाळी खिळ्याला अडकून कमरेपाशी उसवली होती. मी बाहेर जाऊन सुई घेऊन आले, पांढरा दोरा ओवला आणि तिच्या अंगावरच चार टाके घातले. अंगावरचं शिवताना तोंडात काहीतरी धरायचं असतं, म्हणून तिच्या दातांत दोऱ्याचा तुकडा दिला. ती शहाण्यासारखी उभी राहिली. तेवढ्यात केक घेऊन माणूस आला, बेल वाजली, आणि मी धावले.

बटवे झाले. वाकडे, तिडके, पण झाले. मुलांनी सुया आणून उशीत टोचल्या. आई बोटानं मोजायला लागली. अकरा. पुन्हा मोजल्या. अकरा.

तिनं हात वर केला आणि कुणी उठायचं नाही म्हणून सांगितलं. मुलं सवयीनं बसून राहिली. पण दाराशी उभ्या आया-बापांना ही सवय नव्हती. केकवरचं क्रीम उन्हानं उतरायला लागलं होतं. कुणीतरी घड्याळ बघितलं, कुणीतरी हसलं. माझे कान तापले. आता सगळ्यांना कळणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मी म्हणाले, "आई, मुलंच अकरा आहेत. अकरा मुलं, अकरा सुया. बरोबर आहे."

"बारावी माझी व्हती," आई म्हणाली.

"तू कुठं शिवत होतीस? तू अकराच काढल्यास. विसरलीस तू."

सगळ्यांच्या देखत म्हणाले. तिच्या विसरण्याबद्दल मी घराबाहेर अवाक्षर काढलं नव्हतं, आणि ते पहिल्यांदा बोलले ते भरल्या घरात, केकसाठी. हिशेब ऐकायला इतका सरळ होता की दाराशी उभ्या लोकांनी माना डोलावल्या; बारावी एरवीही उशीतच असते, हे त्यांना कुठं ठाऊक. आईनं आपल्या हाताकडं बघितलं, उशीकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिच्या डोळ्यांत राग आला असता तर मला आज बरं वाटलं असतं. पण ती स्वतःवरच शंका घेत होती, आणि ते मला दिसलं.

"आसंल मग," ती म्हणाली आणि हात खाली घेतला. मुलं उठली.

वाढदिवसवाली मुलगी तेव्हा माझ्याकडं बघत होती, काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं होतं, आणि मी तिला 'चल, केक' म्हणून पुढं ढकललं, असं मला आठवतं. हे खरंच घडलं, की मी मागाहून मनानं जोडलं, ते मला आता ठरवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा लहान भाऊ ओकला. बहुतेक केकच बाधला असणार. पण ओकलेलं पोर आणि 'बारावी सुई' या दोन गोष्टी त्याच्या आईच्या मनात एकत्र आल्या आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. पोराला घेऊन दवाखान्यात धावले, एक्स-रे काढला. पोटात काही नव्हतं. घशात काही नव्हतं. पोर दुपारी खेळायलाही लागलं. पण ती बाई एक्स-रेचा लिफाफा हातात घेऊनच आमच्या दाराशी आली. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. म्हणाली की सुई हरवली होती तर कालच सांगायला हवं होतं, बाई सांगत होत्या तर तुम्हीच गप्प केलंत.

त्या घडीला मी काय करावं? मी माझ्या आईला पुढं केलं. म्हणाले की सुई हरवलेलीच नाही, आईला हल्ली काही आठवत नाही, डॉक्टरांचे कागद आहेत, दाखवते. कागद खरोखरच आणून दाखवले. आई आत पलंगावर बसून ऐकत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं. फक्त तेव्हा चोर कोण हे चोरालाही ठाऊक नव्हतं.

कागदांनी काम केलं. समोरच्या सूनबाई शांत झाल्या, उलट त्यांना दयाच आली. संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलनीला कळलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता तीन मुलं आली, त्यानंतर एकही नाही. कुणी भांडलं नाही. कुणी 'आजोळी जातोय' म्हणालं, कुणी पोहण्याचा क्लास लावला. मीही मग दारावरची 'शिवणवर्ग' लिहिलेली पाटी काढून माळ्यावर टाकली, आणि आईला सांगितलं की वर्ग संपला, शाळा सुरू होणार आहेत. पुढच्या मेमध्ये घेऊ का, असं तिनं विचारलं. मी बघू म्हणाले.

पुढच्या सहा महिन्यांत आई भराभर गेली. म्हणजे जिवंत आहे, पण गेली. डॉक्टरांनी सांगितलं की हा आजार असाच चालतो, वर्ग बंद झाला म्हणून काही झालं नाही, मनाला लावून घेऊ नका. मी मान डोलावली. वर्ग आहे तोवर उठायला कारण आहे, हेही त्याच डॉक्टरांनी सांगितलं होतं. दोन्हींतलं कोणतं धरायचं ते मी धरलेलं आहे.

मोजणी तेवढी राहिली. चार वाजले की ती सतरंजी मागायची. मी घरी नसले तर दिवसा तिच्याजवळ असणाऱ्या बाई अंथरून द्यायच्या. ती उशी मांडीवर घेऊन मोजायची आणि अकरावर थांबायची. मग सतरंजीवर तळहात फिरवायची, कडेकडेनं, फरशी थोपटत. "एक कमी हाय," म्हणायची. कधी कधी तासभर. रविवारी हे मला बघावं लागायचं. एका रविवारी माझा धीर सुटला आणि मी औरंगपुऱ्यातून सुयांचं नवं पाकीट आणून एक सुई तिच्या नकळत उशीत टोचली. तिनं मोजलं. बाराव्या सुईवर बोट ठेवलं, ती उपसली, चिमटीत फिरवली आणि माझ्याकडं दिली.

"ही आपली नाय. हिचं नेढं मोठं हाय."

सुईच्या भोकाचा आकार तिला बोटांनी कळला, आणि माझं नाव तिला त्या दिवशी सकाळपासून आठवलं नव्हतं. मला तेव्हा दुःख झालं नाही. राग आला. मी पाकीट कचऱ्यात टाकलं.

जानेवारीत मी स्वयंपाकघरातलं जुनं कॅलेंडर काढलं. नवीन आणून आठ दिवस झाले होते, दुधाचे खाडे उतरवून घ्यायचे राहिले म्हणून जुनं तसंच टांगलेलं होतं. खिळ्यावरून उतरवताना वरच्या पत्र्याच्या पट्टीखाली बोटाला काहीतरी टोचलं. पट्टीखाली सगळ्या उलटलेल्या पानांची घडी बसली होती. मी पानं सोडवली. मे महिन्याच्या पानात, अगदी वर, आडवी ओवून ठेवलेली सुई. नेढ्यात पांढरा दोरा, वीतभर. वर जूनपासूनची सगळी पानं बसलेली.

मी कॅलेंडर ओट्यावर ठेवलं. बेल वाजल्याचं आठवलं. वाढदिवसवाली पोर, तिच्या दातांतला दोऱ्याचा तुकडा, आणि हातातली सुई कुठं ठेवू म्हणून समोर दिसलं ते कॅलेंडर. आमच्या घरातच काय, सगळ्यांच्या घरांत सुया अशाच कॅलेंडरात टोचलेल्या असतात. फक्त माझ्या आईच्या घरात कधी नसायच्या. मी उशीतून बारावी सुई उचलली तेव्हा आई कुणाच्या तरी दोऱ्याची गाठ सोडवत होती. मी तिला सांगितलंही नव्हतं. एक तारखेला पान उलटताना मी ते बघितलंही नसणार. आई बरोबर होती. त्या भरल्या खोलीत एकटी तीच बरोबर होती, आणि मी तिला तिथंच खोटं पाडलं.

भावाला फोन केला. तो म्हणाला, जाऊ दे, आता सांगून काय उपयोग, तिला कळणारही नाही. पहिल्यांदाच त्याचा सल्ला मला सोयीचा वाटला. समोरच्या घरी जाऊन सांगावं असंही वाटलं. गेले नाही. आजपर्यंत गेलेले नाही. सुई मी माझ्या पर्समध्ये, तिकिटाच्या कागदात गुंडाळून ठेवली आणि पंधरा दिवस ऑफिसला घेऊन जात होते, येत होते. त्या पंधरा दिवसांत आईनं रोज अकरा मोजल्या. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटते म्हणून सांगत नव्हते, आणि सांगत नाही म्हणून जास्त लाज वाटत होती.

मग एका रविवारी ती आंघोळीला गेली असताना मी पर्स उघडली. सुईला थोडा गंज धरला होता. उशीत दोन-तीनदा खालीवर केली. केसांनी तो बराचसा पुसून काढला. पांढरा दोरा ओढून टाकला आणि सुई बाकीच्यांच्या ओळीत टोचली.

चार वाजता मी सतरंजी अंथरली. आई बसली, उशी मांडीवर घेतली, मोजायला लागली. मी समोर बसले. दहा. अकरा. तिचं बोट सवयीनं थांबलं, आणि मग पुढच्या सुईला लागलं. बारा. तिनं ती उपसली नाही. नुसता अंगठा फिरवला, वरून खाली. मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं, आणि पुन्हा बारा झाल्या. तिनं मान वर केली.

"कुणाकडं व्हती?"

"माझ्याकडं," मी म्हणाले. "मीच घेतली होती. तुझ्या बाराच होत्या. मी खोटं बोलले." एवढं बोलले आणि मी रडायला लागले. मला अजून खूप सांगायचं होतं, वाढदिवसाचं, कागदांचं, दारावरच्या पाटीचं.

आईनं हात पुढं केला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. "सांगितलंस ना, बास. रडू नको."

मी तिच्याकडं बघितलं. ती प्रेमानं बघत होती, पण माझ्याकडं नाही. सतरंजीवर बसलेल्या कुठल्यातरी मुलीकडं बघत होती. मग तिनं दाराकडं नजर टाकली, उन्हाचा अंदाज घेतला आणि विचारलं, "आई आली का न्यायला तुझी?"

मी नाही म्हणाले.

"येईल. तवर बस इथं." तिनं ट्रंकेतून चिंधीचा एक चौकोन काढला, सुईत हातभर दोरा ओवला, पहिल्याच खेपेला, न चुकता, आणि दोन्ही माझ्या हातात दिले. "एवढी हेम घाल."

मला हेम येत नव्हती. तिनं माझं बोट धरून दुमड कशी धरायची ते दाखवलं. चारी बाजू होईपर्यंत सहा वाजले. उठण्याआधी मी सुई उशीत टोचली, आणि तिनं बारा मोजेपर्यंत बसून राहिले.